न पडलेली गॅलरी

वर्गाला कुलूप तुम्ही घातलंत, साहेब, आणि फीची खिडकी तेवढी उघडी ठेवलीत. ह्याला आमच्या बावड्यात चोरी म्हणतात. तुमच्या कचेरीत काय म्हणतात ते तुम्ही सांगा. ठेकेदाराचा परवाना नवा करून देताना गवंड्यांना शिकवायला म्हणून जो वाटा तुम्ही कापून घेता, तो अजून घेताच आहात. शिकवत मात्र कुणालाच नाही. विचारलं तर सांगता, वर्गाचा फायदा दिसून आला नाही. दिसून आला नाही काय? मग हंबीररावाची हकिकत ऐका. खुर्चीतून उठू नका, बसूनच ऐका.

हंबीरराव कसबा बावड्याचा ठेकेदार. बाप गवंडी, आजा गवंडी. माणूस मनाचा मोकळा, पण तोंड असं, की ते चालू असलं तर शेजारी मिक्सर बंद पडलेला कुणाला कळायचं नाही. बांधकाम चोख. भिंत ओळंब्यात, प्लास्टर गुळगुळीत, सिमेंटची चोरी नाही. खोट एकच. त्यानं बांधलेल्या घराची गॅलरी चार-दोन वर्षांत पुढून मान टाकायची. मग हंबीरराव एक लोखंडी पाइप आणून तिच्या खाली उभा करायचा, त्याला रंग मारायचा आणि घरमालकाला सांगायचा, "शोभा आली बघा." गल्लीतली पोरं त्या पाइपाला 'हंबीररावाचा टेकू' म्हणायची. गॅलरी का वाकते, हे त्याच्या बापाला ठाऊक नव्हतं आणि त्यालाही नव्हतं. भिंत बांधायला घरात शिकला होता. गॅलरी आज्याच्या काळात होतीच कुठं?

सत्त्याण्णव साली तो परवाना नवा करायला गेला, तेव्हा खिडकीतल्या कारकुनानं फीचा आकडा वाढवून सांगितला.

"ही वाढ कसली?"

"शिक्षणाची. गवंड्यांसाठी वर्ग सुरू होतोय. तुमच्या फीतून."

"माझ्या आज्यानं कुठल्या वर्गात ओळंबा धरला हुता वो?"

"आजोबांचं मला माहीत नाही. तुमची दोन माणसं वर्गाला फुकट पाठवता येतील."

"फुकट कशी? मी भरतोय न्हवं!"

अर्धा तास भांडला, मागची रांग ओरडायला लागली, तेव्हा पैसे टेकवून बाहेर पडला. कामावर पोचला तो लालबुंद होऊन. भरलेली फी वाया घालवायची नाही, हे त्यानं वाटेतच ठरवलं होतं. पण पाठवायचं कुणाला? पिराजी हेडमिस्त्री, त्याला सोडला तर काम बंद. दुसरे गवंडी कामाच्या घाईत. मग नजर गेली बयाबाईवर.

बयाबाई त्याच्याकडे घमेली वाहायची. केस पिकायला आले तरी डोक्यावरची चुंबळ सुटली नव्हती. गवंडीकामात बाईनं थापी धरायची नाही, हा कुठं लिहिलेला कायदा नव्हता, पण मोडलाही कुणी नव्हता. पाणी बाईनं मारायचं, वाळू बाईनं चाळायची, माल बाईनं वर पोचवायचा. भिंत मात्र बाप्यानं बांधायची.

"बयाबाई, तू जा शिकायला," हंबीरराव म्हणाला. म्हणाला ते चेष्टेनंच.

सगळी साइट हसली. पिराजी तर विटेवरच बसला. "मग मालक, आता बयाक्का थापी धरनार आनि मी खालनं घमेलं देऊ व्हय?"

"दे की. तुझी पाठ तरी मोकळी हुईल," बयाबाई म्हणाली आणि हंबीररावाकडे वळली. "मालक, हजेरी पडंल न्हवं?"

"पडंल."

"मग जातो की मी."

लाकडाच्या वखारीशेजारी पत्र्याच्या शेडात तो वर्ग भरायचा. शिकवायला आकाराम मास्तर. सरकारी बांधकामांवर जन्म काढून निवृत्त झालेला, दम्यानं बेजार, पण फळ्यापाशी उभा राहिला की खोकायचं विसरणारा. पहिल्या दिवशी त्यानं बयाबाईला विचारलं नाही, की बाई इथं कशी. थापी हातात दिली आणि म्हणाला, "मनगट सैल सोड. भाकरी थापतीस तसं न्हाय, चपाती लाटतीस तसं बी न्हाय. हे तिसरंच हाय." साहेब, तुम्ही त्या मास्तराला मानधन म्हणून जे देत होता, त्यात त्याचं औषध येत नव्हतं. तरी तो यायचा. हेही तुमच्या अहवालात नसणार, म्हणून सांगतो.

बयाबाई वर्ग संपवून परत आली आणि पुन्हा घमेली वाहू लागली. हंबीररावानं विचारलंही नाही, काय शिकलीस. फी वसूल झाली, विषय संपला.

पुढच्या वर्षी शाहूपुरीतलं काम निघालं. घरमालक भरमाप्पा. मूळचा गडहिंग्लजकडचा लिंगायत, गुळाचा व्यापारी. मराठीत भाव करायचा आणि कानडीत हिशेब. त्याच्या घरावरून गणपतीची मिरवणूक जायची, म्हणून त्याच्या बायकोची, शिवम्माची, एकच मागणी होती. गॅलरी गल्लीत कुणाची नाही एवढी पुढं आली पाहिजे. माहेरची माणसं मिरवणूक बघायला येतात, त्यांना खुर्च्या टाकून बसता आलं पाहिजे.

"बसा की. फुगडी घाला," हंबीरराव म्हणाला. "हंबीररावाचा शब्द हाय."

स्लॅबचा दिवस ठरला. आता स्लॅबचा दिवस म्हणजे आपल्याकडे अर्धं लग्नच. सळयांची जाळी बांधून तयार असते, खाली खडी-वाळूचे ढीग, मिक्सर, आचारी. माल ओतायच्या आधी घरचे सगळे वर चढतात, सळयांवर हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात. आणि ही पूजा आत कुठं कोपऱ्यात होत नाही. ती होते रस्त्याच्या अंगाला, म्हणजे गॅलरीच्या जाळीवर, कारण गल्लीला दिसली पाहिजे. भरमाप्पा, शिवम्मा, पोरंबाळं, भावकी, माहेरचे पाहुणे, झाडून सगळे गॅलरीच्या सळयांवर उभे राहिले. जंगमस्वामींनी मंत्र म्हटले. फोटोवाल्यानं अजून थोडं पुढं या, अजून पुढं या म्हणत सगळ्यांना पार टोकापर्यंत नेलं. नारळ फुटला, टाळ्या पडल्या, माणसं खाली उतरली. मुहूर्त अगदी तोंडावर आला होता. खाली हुग्गी शिजत होती, गव्हाची खीर, तुपाचा वास वरपर्यंत. भरमाप्पाकडे मटण मिळणार नव्हतं म्हणून गडी सकाळपासून तोंड वाकडं करून होते, पण तो वास आल्यावर त्यांनाही घाई सुटली.

"सोडा माल!" हंबीरराव ओरडला. मिक्सर धडधडला. रिवाज असा, की पहिलं घमेलं पूजेच्या जागी पडायचं.

घमेल्यांची रांग लागली. गॅलरीशी पहिली पोचली बयाबाई. तिनं घमेलं खाली ठेवलं, वाकून बघितलं आणि पदर खोचून सळयांच्या मधोमध मांडी घालून बसली.

"ए बया! ऊन लागलं का काय तुला?"

"मालक, सळ्या खाली गेल्यात."

"कुठं खाली?"

"समदी तुडवून गेली न्हवं. वरच्या सळ्या तळाला टेकल्यात बगा. गॅलरीला सळी वरच्या अंगाला पायजे. खाली असून उपेग न्हाय."

पिराजी पुढं आला. "बयाक्का, जलम गेला आमचा ह्यात. सळी ती सळी. वर काय, खाली काय, माल पडला की झाकतीयाच."

"मग तुज्या गॅलऱ्यास्नी टेकू का लागत्यात, पिराजी?"

पिराजीनं हंबीररावाकडे बघितलं आणि हंबीरराव दुसरीकडे बघायला लागला.

खालून भरमाप्पा ओरडत होता. "काय हे, हंबीरराव! मुहूर्त जातंय की हो! स्वामी घड्याळ बघतंय!"

हंबीररावाचा पारा चढला. पाहुण्यांसमोर, गल्लीसमोर, एका घमेलं वाहणाऱ्या बाईनं त्याचं काम अडवलं होतं. तोंडाला येईल ते तो बोलला. ते इथं सांगत नाही, सांगण्यासारखं नव्हतं. "उठतीस का न्हाय? न्हाईतर उद्यापास्नं कामावर यायचं न्हाय!"

बयाबाईच्या घरात मिळवणारं दुसरं कुणी नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. तिनं एकदा खाली रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाली, "न्हाय येत. पर आज उठत न्हाय. वतायचा तर वता माल माज्या अंगावर."

मिक्सर नुसताच फिरत राहिला. तेवढ्यात शिवम्मा जिना चढून वर आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. "काय झालंय ग अक्का?" तिनं सरळ बयाबाईलाच विचारलं.

बयाबाईनं कमरेचं जेवणाचं गठुळं सोडलं. त्यातली कालची भाकरी काढली. एका हातानं भाकरीची कड पक्की धरली, बाकीची भाकरी पुढं अधांतरी, गॅलरीसारखी. दुसऱ्या हातानं गठुळ्यातला कांदा तिच्या टोकावर ठेवला. भाकरी वाकली, आणि धरलेल्या बोटांपाशी वरचा पापुद्रा टरकन फाटला.

"कुठं फाटली, वैनी?"

"वर फाटली की ग," शिवम्मा म्हणाली.

"मग टाका कुठं घालायचा, वर का खाली? सळी म्हंजे टाकाच की. मास्तरानं वर्गात आमास्नी आसंच दावलं. त्येनं बी भाकरीच घेतली हुती. सळ्या बारीक हुत्या त्या पायाखाली दबल्या, कुनाची चूक न्हाय. आता उचलून खालनं टेकन दिलं, की झालं."

शिवम्मानं फाटलेल्या भाकरीवरून बोट फिरवलं. "अय्यो शिवने," एवढंच म्हणाली. मग कठड्याच्या फळीवरून वाकून खाली नवऱ्याला हाक मारली. "री! ऐका जरा! स्वामींना म्हणावं मुहूर्ताचं घमेलं ईशान्य कोपऱ्यात पडू दे. देवाचं कोपरा तेच हाय की. गॅलरी शेवटाला."

"पण फोटो—"

"फोटो काढलाय की! माझं माहेर बसणार आहे इथं, फोटो न्हाय बसणार!"

जंगमस्वामींनी मान हलवली. ईशान्येला घमेलं पडलं, मुहूर्त साधला. आणि हंबीरराव? तो खाली गेला आणि तुटक्या सळयांचे तुकडे घेऊन वर आला. बयाबाई सांगत गेली, पिराजी वाकवत गेला. स्टुलासारखे छोटे टेकण. एकेक सळी उचलून त्यांच्यावर चढवली. त्या दिवशी हुग्गीवर साय धरली, भात गार झाला, गडी बयाबाईच्या नावानं बोटं मोडत जेवले. हंबीरराव जेवलाच नाही.

सेंट्रिंग काढायच्या दिवशी त्यानं सगळ्यांना लांब उभं केलं आणि गॅलरीखालची शेवटची लाकडी बल्ली स्वतः ठोकून काढली. भिंतीपासून टोकापर्यंत सुतळी ताणून धरली. एका डोळ्यानं बघितली, मग दुसऱ्यानं. सुतळी आणि गॅलरी एकमेकीला सोडत नव्हत्या.

ठेकेदाराची जात, लगेच कशी बोलेल? पण त्या शनिवारी पगाराच्या वेळी त्यानं सगळ्यांना थांबवून घेतलं. गडी पहिल्यांदा गवंडी झाला, की ठेकेदारानं त्याला टॉवेल-टोपी, नारळ आणि थापी द्यायची, ही आपल्याकडची रीत. हंबीररावानं पिशवीतून नारळ काढला, नवी थापी काढली. टोपीपाशी अडला होता म्हणे, बायकोनं सुचवलं. टोपीऐवजी खण.

"पिराजी," तो म्हणाला, "सोमवारपास्नं बयाबाईला खालनं घमेलं दुसरं कोन तरी देईल."

"मी दितो की, मालक," पिराजी म्हणाला. चेष्टेत म्हणाला, पण मालकाच्या हातातला खण घेऊन बयाबाईला देताना नीट दोन्ही हातांनी दिला.

फायदा अजून दिसला नाही ना? थांबा.

पुढच्या गणपतीत मिरवणुकीच्या दिवशी भरमाप्पाच्या घरी गर्दी लोटली. शिवम्माचं सगळं माहेर आलं होतं. बयाबाई आणि हंबीररावाच्या घरच्यांनाही आमंत्रण होतं. हंबीररावाची लेक मोना, शाळेतली पोर, केव्हाच गॅलरीत जाऊन कठड्याला चिकटली होती. हंबीरराव मात्र खाली रस्त्यावर, बयाबाईशेजारी उभा. ती शेंगा सोलत होती.

मोठा गणपती कोपऱ्यावर आला, तशी घरातली उरलेली माणसं गॅलरीत घुसली. आतून अजून येत होती. बायका, कडेवरची पोरं, पोरांच्या मागं म्हातारी माणसं. खुर्च्या बाजूला सारल्या, माणसाला माणूस चिकटलं. कुणीतरी ताशावर नाचायला लागलं. आणि ती गॅलरी, गल्लीत सगळ्यांत पुढं आलेली, जिच्या खाली पाइप नव्हता.

हंबीरराव टाचा उंचावून बघायला लागला. त्याला ती जाळी दिसली. तळाला टेकलेल्या सळया, फोटोवाला, पुढं या, अजून पुढं या. आपण 'सोडा माल' म्हणून ओरडलेलो, तेही ऐकू आलं. "मोना! आत जा! उतरा समदी!" तो ओरडला. आख्ख्या बावड्याला ऐकू जाणारा आवाज, पण ढोल-ताशात तो त्याच्या शेजारच्यालाही ऐकू गेला नाही. मोनानं बाप हात हलवतोय एवढंच बघितलं, आणि तीही आनंदानं हात हलवायला लागली.

"मालक, गनपती तिकडं हाय," बयाबाई म्हणाली. "तुमी गॅलरीचं काय बघताय?"

"गप गं."

"शेंगा खावा. वर हायत सळ्या. मी बसलो हुतो त्यांच्यावर."

गणपती पुढं सरकला. ढोल पुढं गेले. गॅलरीतली गर्दी विरळ झाली, खुर्च्या परत मांडल्या गेल्या, मोना खाली वाकून म्हणाली, "आबा, दिसला का हो तुमाला?" हंबीररावानं मान वर करून गॅलरीचा तळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितला. केसभर चीर नाही. मग भर रस्त्यात त्यानं हात जोडले. लोकांना वाटलं गणपतीला. गणपती तर केव्हाच पुढच्या चौकात गेला होता.

दुसऱ्या दिवशी तो पेढे घेऊन आकाराम मास्तरांच्या शेडात गेला. "मास्तर, माझी पोर वर हुती," एवढं म्हणाला आणि खाली बसला. मास्तरांनी पेढा अर्धा करून त्याला भरवला. विचारलं, "आता कुनाला पाठवतोस?"

त्यानं पिराजीला पाठवलं. मग एकेक करून सगळे पाठवले. एका पावसाळ्यात स्वतः जाऊन मागच्या बाकावर बसला. पुन्हा त्याच्या कुठल्या गॅलरीला टेकू लागला नाही. आणि परवान्याच्या खिडकीवर भांडणारा हंबीरराव आता सगळ्यांत आधी फी भरायला लागला. कुणी कुरकुरलं तर म्हणायचा, "भर की मर्दा. देवाला नारळ फोडतोस, हितं का हात आखडतोस?"

आणि अशी फी आनंदानं भरली जायला लागली, तेव्हा तुम्ही वर्ग बंद केलात. मास्तर वारले, दुसरा माणूस नेमला नाहीत, आणि शेडाला कुलूप घातलंत. फी दोनदा वाढवलीत.

आज सकाळीच, दोन हजार सहाच्या ह्या परवान्याच्या वेळी, हंबीरराव बयाबाईला घेऊन तुमच्या कचेरीत आला होता. तिचे गुडघे गेलेत, परांचीवर चढवत नाही आता. पण हात शाबूत आहेत आणि डोकं त्याहून शाबूत. ती म्हणाली, "मला पगार नगो. कुलूप काडा, मी शिकवतो." कामावर नवी पोरं आलीत, सळया तुडवत पळतात, त्यांना सांगणारं कुणी नाही, हे तिनं सांगितलं. खिडकीतला तुमचा माणूस चांगला होता, बसायला स्टूल दिलं त्यानं. पण बोलला ते तुमचंच शिकवलेलं. "वर्गामुळं किती अपघात टळले, त्याचा काही पुरावा आहे का?"

हंबीरराव ओरडला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच हळू बोलला असेल. "पावणं, टळलेल्या अपघाताचा पंचनामा कोन करतंय? पडली असती तर पेपरात आली असती. न्हाय पडली, म्हणून माझी पोर आज कॉलेजात हाय. शाहूपुरीत चला. मान वर करून बगा. त्यो पुरावा."

माणसानं फी घेतली, पावती दिली. हंबीररावानं ती घेतली आणि दोघं बाहेर पडले.

पण घरी गेले नाहीत. बयाबाई वखारीशेजारच्या त्या शेडापाशी गेली, बंद दाराच्या पायरीवर पदर खोचून, दुखऱ्या गुडघ्यांची कशीबशी मांडी घालून बसली. आज सकाळपासून ती तिथंच आहे. हंबीररावानं तिला छत्री आणून दिलीय, पिराजी चहा घेऊन आलाय, शिवम्मानं डब्यातून हुग्गी पाठवलीय, ह्या खेपेला गरम. ही बाई एकदा बसली की सळया वर आल्याशिवाय उठत नाही, हे शाहूपुरीला माहीत आहे. तुम्हाला नसेल, म्हणून कळवलं.

तेव्हा इकडंतिकडं बघू नका. ते कुलूप कधी काढता? उत्तर द्या.